नगरच्या निजामशहाचा फिरंगी वैद्य : गार्सिया द ओर्ता

पावसाळ्याच्या तोंडावर गावात कुणाला एकाएकी जुलाब-उलट्या सुरू झाल्या की घरातली जुनी माणसं अजूनही 'मोडशी झाली' असं म्हणतात. हा आपल्या बोलण्यातला शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी एका पोर्तुगीज पुस्तकात छापला गेला. ते पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. लिहिणारा माणूस डॉक्टर होता, आणि तो अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात वैद्य म्हणून येत-जात होता. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता.

भारतातल्या औषधी वनस्पतींचा इतिहास लिहिताना जगभरचे अभ्यासक ओर्तांचं नाव आधी घेतात. नगर जिल्ह्यात मात्र हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. खरं तर त्यांच्या पुस्तकातली बरीच सामग्री आपल्या ओट्यावरच्या डब्यांत आणि शेताच्या बांधावर आहे. हिंग, हळद, आलं, मिरी, चिंच, बेल, कडुनिंब, बोर, कोकम, धोत्रा, भांग. युरोपातल्या डॉक्टरांनी यातलं बरंच काही एकतर बघितलेलंच नव्हतं, किंवा वाळलेल्या रूपात, चुकीच्या नावानं बघितलं होतं.

ओर्तांचा जन्म १५०० च्या आसपासचा, पोर्तुगालच्या सरहद्दीवरच्या कास्तेलो द विदे या छोट्या गावातला. घराणं ज्यूंचं. १४९२ साली स्पेनच्या राजानं ज्यूंना देशाबाहेर काढलं, तेव्हा आई-वडील सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. तिथंही पाचच वर्षांत, १४९७ साली, सगळ्या ज्यूंचा सक्तीनं बाप्तिस्मा झाला. अशा लोकांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत, आणि त्या नावातच संशय होता. चर्चमध्ये जायचं, डुकराचं मांस नाकारताना कुणी बघत नाही ना याची काळजी घ्यायची, शनिवारी चुलीतून धूर निघतो की नाही याच्यावर शेजाऱ्यांची नजर. गार्सिया याच वातावरणात वाढले.

मुलगा हुशार. सालामांका आणि अल्काला या स्पेनमधल्या नावाजलेल्या विद्यापीठांत वैद्यक शिकून तो १५२३ च्या सुमारास गावी परतला. काही वर्षं गावातच दवाखाना केला, मग लिस्बन गाठलं. १५३० पासून तो लिस्बनच्या विद्यापीठात शिकवूही लागला. तेव्हाचं वैद्यकशास्त्र म्हणजे ग्रीकांचे गेलेन आणि डायोस्कोरिडीस, अरबीत लिहिणारे अविसेना. शेकडो वर्षांपूर्वी लिहिलेलं पाठ करायचं आणि त्यावर वाद घालायचा. मिरीचं झाड कसं असतं हे शिकवणाऱ्यानं बघितलेलं नाही आणि शिकणाराही कधी बघणार नाही, अशी सगळी परिस्थिती.

१२ मार्च १५३४ रोजी ओर्ता भारताकडे निघालेल्या ताफ्यात चढले. आरमाराचा प्रमुख मार्तिम अफोन्सो द सोझा याचे खासगी वैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. सहा महिन्यांचा प्रवास करून सप्टेंबरात ते गोव्याला पोहोचले. औषधांची ओढ हे एक कारण होतंच. पण दुसरं कारणही लपत नाही. ते निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, १५३६ साली, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं. विद्यापीठातली बरी नोकरी सोडून तिशी ओलांडलेला माणूस उगाच समुद्रात उडी घेत नाही.

पहिली काही वर्षं सोझाच्या मोहिमांबरोबर फिरण्यात गेली. गुजरातच्या किनाऱ्यावर दीवला असताना सुलतान बहादूरशहाचा एक किस्सा त्यांनी नोंदवून ठेवला आहे. रात्री तुर्कस्तान, अरबस्तान, पोर्तुगाल, ब्राझील असं कुठंही फिरून यावंसं वाटलं तर आपल्याला थोडी भांग पुरते, असं सुलतानानं सोझाला सांगितलं होतं म्हणे. भांगेवरच्या प्रकरणात ओर्तांनी हा किस्सा घातला. ती कशी तयार करतात, कोण खातं, खाल्ल्यावर माणूस काय करतो, हे सगळं विचारून घेऊन लिहिलं.

१५३८ च्या सुमारास ते गोव्यात कायमचे स्थायिक झाले. एकामागून एक आलेल्या गव्हर्नर आणि व्हाइसरॉयांवर उपचार केले. बरोबरीनं औषधी आणि रत्नांचा व्यापारही केला. त्या काळी वैद्य आणि व्यापारी यांच्यातली रेघ फार ठळक नव्हती. चांगला माल कोणता आणि भेसळ कोणती हे ओळखणारा माणूस दोन्हीकडून कमावत असे. पुढं मुंबई बेट त्यांना खंडानं मिळालं. आज जिथं एक खोली परवडत नाही ते सगळं बेट एका डॉक्टरकडे होतं, आणि तिथल्या आंब्याचं त्यांना भारी कौतुक. त्यातलं एक झाड वर्षातून दोनदा फळायचं, एकदा नाताळच्या सुमारास आणि एकदा मेअखेरीस, असं त्यांनी लिहून ठेवलंय. बेटावरच्या त्यांच्या वाड्याच्या जागी पुढं इंग्रजांचा किल्ला उभा राहिला असं मानलं जातं.

घाट चढून नगरला

निजामशाहीचा पोर्तुगीजांशी संबंध चौलच्या बंदरामुळं जुनाच. कोकणातून घाट चढून ओर्ता नगरच्या दरबारी येऊ लागले. तेव्हाचा नगरचा किल्ला मातीचा होता, आजची दगडी तटबंदी बुऱ्हाणच्या मुलानं, हुसेन निजामशहानं, नंतर बांधली. बुऱ्हाण निजामशहा लहानपणीच गादीवर आलेला, विद्वानांची आवड असलेला सुलतान. त्याचे आजोबा मूळचे पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्याच्या घरातले, लढाईत पकडले गेले आणि मुसलमान झाले, असं इतिहासकार सांगतात. म्हणजे धर्म बदललेल्या घराण्यातला सुलतान आणि धर्म बदलायला लावलेल्या घराण्यातला वैद्य. त्यांच्यात यावर कधी बोलणं झालं का, हे कुठं आलेलं नाही.

नगरच्या दरबारात अरबस्तान, इराणहून आलेले हकीम होते. स्थानिक वैद्यही होते. ओर्तांसाठी ही दुसरी शाळाच ठरली. अविसेनाची जी नावं त्यांनी लॅटिन भाषांतरातून मोडकीतोडकी पाठ केली होती, ती इथं मूळ अरबीत ऐकायला मिळाली. औषधाला अरबीत काय म्हणतात, फारसीत काय, गुजरातीत काय, मलबारात काय आणि दख्खनी लोक काय म्हणतात, ही सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. बोर आणि कोकमावर लिहिता लिहिता त्याच प्रकरणात त्यांनी इथल्या सुलतानांच्या पदव्यांचा अर्थही सांगून टाकला आहे. निजामशहा म्हणजे काय, आदिलखान म्हणजे काय, हे युरोपातल्या वाचकाला एका बोराच्या फळासोबत कळलं.

स्वयंपाकघरातून बाजारात

१० एप्रिल १५६३ ही छपाईची तारीख असलेलं त्यांचं पुस्तक भारतात छापलेल्या पहिल्या काही पुस्तकांपैकी एक. छापखाना गोव्यात येऊन सातच वर्षं झाली होती, त्यामुळं छपाईच्या चुका भरपूर. नाव लांबलचक, पण मराठीत सांगायचं तर भारतातल्या वनौषधी, द्रव्यं आणि औषधी वस्तूंवरचे संवाद. लॅटिनमध्ये लिहिलं असतं तर विद्वानांत मान मिळाला असता. ओर्तांनी साध्या पोर्तुगीजमध्ये लिहिलं, म्हणजे खलाशी, व्यापारी, औषधविक्या असा कुणीही वाचू शकेल. या पुस्तकाच्या सुरुवातीला कामोंइश या कवीची एक कविता आहे. तोच पुढं पोर्तुगालचा सगळ्यात मोठा कवी झाला.

पुस्तकात दोन माणसं गप्पा मारतात. एक ओर्ता स्वतः. दुसरा रुआनो नावाचा कल्पित डॉक्टर, स्पेनमध्ये शिकलेला, नुकताच जहाजातून उतरलेला, प्रत्येक गोष्टीला जुन्या ग्रंथाचा दाखला मागणारा. थोडक्यात, तीस वर्षांपूर्वीचे ओर्ताच. तो ग्रंथ पुढं करतो आणि म्हातारा ओर्ता त्याला झाड दाखवतो. मध्येच घरातली अंतोनिया नावाची दासी हाक मारली की ताजी फांदी, फळ घेऊन येते. कधी मालुपा नावाचा गोव्यातला हिंदू वैद्य चर्चेत येतो. स्पेनमध्ये असतो तर गेलेनविरुद्ध तोंड उघडायची हिंमत झाली नसती, अशी कबुलीही ओर्ता देऊन टाकतात.

हिंगाचं प्रकरण वाचताना हसू येतं. पोर्तुगीजांना हिंगाचा वास अजिबात सहन होत नसे. इथले लोक मात्र रोजच्या जेवणात तो घालतात, पोटातला वायू सरतो आणि भूक लागते, हे ओर्तांनी बघितलं. मग विजयनगरची गोष्ट. एका पोर्तुगीजाकडं भारी घोडा होता, पण त्याला वाताचा त्रास, म्हणून राजा विकत घेईना. मालकानं पिठातून हिंग चारला, घोडा बरा झाला, राजानं घेतला. काय दिलंस म्हणून राजानं विचारलं, उत्तर ऐकून तो म्हणाला की हे तर देवांचं अन्न. पोर्तुगीज आपल्या भाषेत हळूच पुटपुटला की सैतानांचं म्हणा. ही गोष्ट छापणाऱ्या ओर्तांना स्वतःला हिंगाचा वास आवडत नव्हताच, पण म्हणून त्यांनी गुण नाकारला नाही.

धोत्र्याचं प्रकरण वेगळं. चोर अन्नात धोत्रा कालवून माणसाला भ्रमिष्ट करतात आणि घर लुटतात, हे त्यांनी तपशिलात लिहिलं. एका घरातल्या मोलकरणीला असाच धोत्रा चारून किल्ल्या आणि दागिने लांबवल्याची हकिकत त्यात आहे. माणूस विचारलं तरी नुसता हसत राहतो, भान यायला दिवस जातो. औषध म्हणून झाडपाला सांगताना तेच झाड विष कसं होतं, हे सांगायला ते विसरले नाहीत. झाडाचं आहे म्हणजे अपाय नाही, असं आज सर्रास म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

चोपचिनीची गोष्टही अशीच. फिरंग्यांबरोबर आलेला गुप्तरोग म्हणून आपल्या वैद्यांनी त्याला फिरंगरोग असंच नाव दिलं, आणि चीनहून आलेलं चोपचिनीचं मूळ त्यावर वापरायला लागले. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात दोन्ही आलेत. त्याच मुळाबद्दल ओर्ता गोव्यात बसून लिहीत होते. रोग पश्चिमेचा, मूळ चीनचं, रुग्ण इथले.

मोडशी

पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं. युरोपीय डॉक्टरानं केलेलं आशियातल्या कॉलऱ्याचं पहिलं सविस्तर वर्णन म्हणून वैद्यकाच्या इतिहासात ते धरलं जातं. नाडी बुडते, अंग गार पडतं, डोळे खोल जातात, पायात गोळे येतात, झोप लागत नाही, तहान भागत नाही. काही रोगी काही तासांतच जातात. जून-जुलैत जोर जास्त. इथले लोक याला काय म्हणतात, तर मोडशी. पोर्तुगीजांच्या तोंडी तिचं 'मोर्देशी' झालं आणि पुढं फ्रेंचांनी ऐकताना त्याचा अर्थ 'कुत्र्याचं मरण' असा लावला. युरोपच्या कितीतरी पुस्तकांत कॉलऱ्याला हेच नाव राहिलं, आणि ते कोकणी-मराठीतून आलंय हे वाचणाऱ्यांना कळलंच नाही.

इथले वैद्य काय करतात हेही ओर्तांनी लिहिलं. तांदळाची पेज, त्यात मिरी आणि जिरं. हातापायांना घट्ट बांधणं. डोळ्यांत पिंपळी घालणं. पायाला डागणं. चांगलं काय आणि वाईट काय हे त्यांनी तेव्हा वेगळं केलं नाही, करता येण्यासारखंही नव्हतं. आज करता येतं. जुलाबात शरीरातलं पाणी आणि क्षार जातात आणि माणूस त्यानं मरतो, हे कळायला पुढं तीनशे वर्षं लागली. मिठाची पातळ पेज म्हणूनच उपयोगी पडते, तांदळाच्या पिठाचं जलसंजीवनीही त्याच तत्त्वावर बनतं. कॉलरा असेल तर तेवढ्यावर थांबायचं नसतं, शिरेतून सलाईन लागतं आणि तासाभराचा उशीरही महागात पडतो. डोळ्यातली पिंपळी नि पायावरचा डाग यांनी मात्र रोग्याचे हाल तेवढे वाढले. डागण्याचा प्रकार काही चारशे वर्षांपूर्वीच संपला असं नाही. मेळघाटात पोटफुगीवर तान्ह्या पोरांना तापल्या विळ्यानं डागल्याच्या घटना अजूनही उघडकीला येतात.

ओर्ताही चुकले. बेझोअर म्हणजे इराणी बकऱ्याच्या पोटात मिळणारा खडा, त्याच्यावर त्यांचा फार विश्वास होता. कॉलऱ्याच्या रोग्याला ते तो उगाळून देत. सोन्याच्या भावानं विकला जाणारा हा खडा कॉलऱ्यावर काडीचा उपयोगाचा नव्हता. आणि ओर्ता त्याचे व्यापारीही होते, ही गोष्ट विसरून चालत नाही. इथल्या वैद्यांना शरीरातली आतली रचना माहीत नाही, ते नुसत्या अनुभवावर आणि रूढीवर चालतात, असा शेराही त्यांनी मारलाय. पण त्याच अनुभवातून त्यांनी स्वतः किती घेतलं, हे पानोपानी दिसतं. आमांशावर बेलफळ देणं त्यांना इथंच कळलं.

घरातली गोष्ट

झाडांबद्दल इतकं मोकळं बोलणारा हा माणूस स्वतःबद्दल गप्प होता, आणि त्याला कारण होतं. १५४३ साली, ज्या वर्षी गोव्यात कॉलऱ्यानं थैमान घातलं, त्याच वर्षी जेरोनिमो दियश नावाच्या नवख्रिस्ती वैद्याला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात ठार करून जाळलं गेलं. ओर्ता तेव्हा गोव्यातच होते. त्याच सुमारास त्यांचं लग्न नात्यातल्या ब्रियांदा द सोलिस हिच्याशी झालं, दोन मुली झाल्या. संसार काही सुखाचा नव्हता. इकडं लिस्बनमध्ये त्यांच्या बहिणींना धर्मन्यायालयानं पकडलं. सुटल्यावर बहीण कातारिना नवऱ्यासह गोव्याला भावाच्या आसऱ्याला आली. आईही आली. व्हाइसरॉयचा डॉक्टर म्हणून भावाचं छत्र होतं, तोवर सगळे निभावून गेले.

१५६० साली धर्मन्यायालय गोव्यातच येऊन बसलं. त्यानंतर तीन वर्षांनी ओर्तांनी पुस्तक छापलं. पुस्तकात जागोजाग ख्रिस्ती धर्माचा आदर आहे. तो मनापासून किती आणि सावधगिरीपोटी किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

ओर्ता १५६८ साली गोव्यात वारले, बिछान्यात. छत्र गेलं. काही महिन्यांतच कातारिनाला अटक झाली. चौकशीत घरच्यांच्या तोंडून भावाचीही नावनिशी निघाली, की तो आतून ज्यूच होता, मोझेसचा धर्म खरा म्हणायचा. कोंडून, धमकावून घेतलेल्या जबान्या त्या, त्यांना किती वजन द्यायचं हा प्रश्न आहेच. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिना द ओर्ता यांना गोव्यात जिवंत जाळण्यात आलं.

मेलेल्या माणसावरही खटला चालवता येत असे. १५८० साली ओर्तांची हाडं कबरीतून उकरून काढली आणि सार्वजनिक सोहळ्यात जाळली.

तोवर पुस्तक त्यांच्या हातून निघून गेलं होतं. क्लुसियस नावाच्या वनस्पतितज्ज्ञाला १५६४ साली पोर्तुगालमध्ये एक प्रत सापडली. त्यानं लॅटिनमध्ये सारांश करून १५६७ साली अँटवर्पला छापला, आणि तो युरोपभर पसरला. हिंग, भांग, धोत्रा, आंबा हे शब्द तिकडच्या डॉक्टरांनी त्यातून वाचले. संवाद मात्र क्लुसियसनं काढून टाकले. रुआनोचे प्रश्न गेले आणि फांदी घेऊन येणारी अंतोनियाही गेली.

पोर्तुगालनं १९७१ साली वीस एस्कुदोच्या नोटेवर गार्सिया द ओर्ता यांचं चित्र छापलं. पणजीत चर्चच्या चौकाजवळची पालिकेची बाग त्यांच्या नावानं ओळखली जाते. संध्याकाळी तिथं पोरं खेळतात, म्हातारी माणसं बाकांवर बसून असतात.